त्याच्या काय लक्षात राहणार?

आपल्याकडे काही प्रश्न उत्तरासाठी विचारायचे नसतात. "काय, ऑफिसला का?" हा त्यातलाच. हातात डबा, खांद्याला पिशवी, तोंडात शेवटचा घास आणि स्टेशनच्या दिशेने धावत सुटलेला माणूस आणखी कुठे निघालेला असणार? पण हा प्रश्न निरुपद्रवी आहे. "हो" म्हणायचं आणि धावत राहायचं. दुसरा एक प्रश्न मात्र तसा नाही. तो विचारणारा चेहऱ्यावर मोठी कणव आणून विचारतो, आणि विचारून झाल्यावर वाद जिंकल्यासारखा गप्प बसतो. तो प्रश्न म्हणजे, "पण त्याच्या काय लक्षात राहणार आहे?"

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही चिरंजीवांना घेऊन परदेशी निघालो, तेव्हा त्यांचं वय दोन वर्षं चार महिने होतं. माझं लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. त्यामुळे माझ्या वयाचे लोक मुलांच्या अकरावीच्या प्रवेशासाठी रजा टाकतात तेव्हा मी लसीकरणासाठी टाकतो. माझा मेहुणा, म्हणजे चिरंजीवांचा मामा, जर्मनीत म्युनिकला असतो. त्याची गाडी, त्याचंच ड्रायव्हिंग, आणि आठ दिवसांत जर्मनी, ऑस्ट्रिया, लिख्टेनस्टाइन, स्वित्झर्लंड असा रस्त्याने प्रवास, असा बेत ठरला. बँकेच्या एल.एफ.सी.त परदेश बसत नाही, तेव्हा खर्च पदरचाच. ही बातमी फुटली आणि प्रश्न सुरू झाला.

आमचे हेडकॅशियर नोटांचं बंडल मोजता मोजता म्हणाले, "अरे, सव्वादोन वर्षांचं पोर ते. त्याच्या काय लक्षात राहणार? दहा वर्षांचा झाला की ने." शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढंसं लेकरू. त्याला गणेशनगरची बाग काय आणि तुझं ते युरोप काय." आमचे साडू जरा जास्त शिकलेले, ते म्हणाले, "राव, तुम्ही अक्षरशः पैसे पाण्यात घालताय." या मंडळींना मी तेव्हापासून 'लक्षातवाले' म्हणतो. त्यांचा पंथ मोठा आहे, त्यात सर्व जातीधर्मांचे लोक आहेत, आणि आज मला त्यांच्याशी भांडायचं आहे.

मी बी.कॉम. आहे. लक्षातवाल्यांचा आक्षेप वरवर मायेचा वाटला तरी आतून तो हिशेबाचा आहे, तेव्हा उत्तरही हिशेबानेच देतो. खर्च दोन प्रकारचा असतो. भांडवली आणि महसुली. भांडवली म्हणजे ज्याचा उपयोग पुढे वर्षानुवर्षं होतो, जसं की इमारत, यंत्र, तिजोरी. महसुली म्हणजे ज्याचा उपयोग त्याच वर्षात होऊन जातो, जसं की पगार, वीज, चहा. आता कॉलेजात आम्हाला अकाउंट्स शिकवणाऱ्या कुठल्याही सरांनी 'महसुली खर्च म्हणजे वाया गेलेला खर्च' असं सांगितलं नव्हतं. वर्षभर विजेचं बिल भरलं आणि एकतीस मार्चला कपाटात वीज शिल्लक सापडली नाही, म्हणून ऑडिटरने शेरा मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. लक्षातवाल्यांना मात्र बालपण हा निव्वळ भांडवली खर्च वाटतो. दुसऱ्या वर्षी मुलाच्या डोक्यात काही ठेवलं तर ते विसाव्या वर्षी व्याजासकट बाहेर निघालं पाहिजे. निघणार नसेल तर खातंच उघडू नये!

बरं, हा नियम तरी त्यांनी सगळीकडे लावावा. चिरंजीवांचं बारसं झालं तेव्हा त्यांचं वय बारा दिवस होतं. मग उष्टावण, मग जावळ, मग संक्रांतीनंतर हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण. पहिल्या वाढदिवसाला सोसायटीच्या हॉलमध्ये दीडशे पानं झाली. मोटारीच्या आकाराचा केक होता. पहिलाच फुगा फुटल्याबरोबर उत्सवमूर्तींनी जो टाहो फोडला तो आईच्या खांद्यावर झोप लागेपर्यंत. केक कापला तो मी आणि सौभाग्यवतींनी, झोपलेल्या मुलाचा हात सुरीला लावून. काकूंनी पावभाजी दोनदा घेतली. हेडकॅशियरनी आइस्क्रीमचे तीन कप रिचवले. साडूंनी फोटोग्राफरला सूचना केल्या. त्या दिवशी हॉलमध्ये हजर असलेल्या दीडशे लक्षातवाल्यांपैकी एकानेही "त्याच्या काय लक्षात राहणार?" असं विचारलं नाही. विचारणार कसं? तोंडात पाव होता.

आणखी एक पाऊल पुढे जाऊ. जे लक्षात राहणार नाही ते सुख जमेस धरायचं नाही, असं ठरलं, तर जे लक्षात राहणार नाही ते दुःखही नावे टाकायचं कारण नाही. मग दोन वर्षांच्या मुलाला येता-जाता चिमटे काढायला हरकत काय? अंधाऱ्या खोलीत तासभर कोंडून ठेवलं तर काय बिघडलं? मोठेपणी आठवणार थोडंच! असं म्हटलं की हेच लोक कानांवर हात ठेवतात. म्हणजे मुलाचं रडणं त्या क्षणी खरं असतं हे त्यांना मान्य आहे. हसणं मात्र पंचवीस वर्षांनी दाखला आणल्याशिवाय खरं नाही.

आता प्रवासाकडे वळतो, कारण नुसत्या तत्त्वावर गाडी चालत नाही.

लहान मुलाला परदेशी नेणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांखालचं मूल विमानात मांडीवर बसतं आणि तिकिटाचा अगदी थोडा हिस्सा देऊन जातं. दोन वर्षं पूर्ण झाली की त्याला स्वतंत्र खुर्ची घ्यावी लागते. बँकेत अठरा वर्षांपर्यंत अज्ञान असलेला मनुष्य विमान कंपनीच्या लेखी दोन वर्षांचा झाला की सज्ञान होतो. ती खुर्ची आम्ही घेतली, आणि साडेआठ-नऊ तासांच्या प्रवासात चिरंजीव तीवर एकूण वीस मिनिटं बसले. शेंगेन व्हिसाला सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही, ही जमेची बाजू. पण फोटो लागतो. तोंड मिटलेलं, डोळे उघडे, नजर समोर, चेहऱ्यावर भाव नाही. हे वर्णन आमच्या शाखेत लंचनंतर कोणालाही लागू पडेल, पण सव्वादोन वर्षांच्या मुलाला नाही. फोटोग्राफरने चाळीस फोटो काढले. एकेचाळिसावा पास झाला, तो केवळ चिरंजीवांना शिंक येण्याच्या बेतात असल्यामुळे.

सासूबाईंनी नातवासाठी घरच्या तुपाची बरणी भरून दिली होती. भारतातून दुधाचे पदार्थ सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. बाळाच्या दुधाच्या पावडरीला वगैरे थोडी सूट आहे, पण सासूबाईंचं तूप त्या सवलतीत बसेना. तेव्हा म्युनिकला उतरल्यावर तिथलं लोणी आणून मामाच्या शेगडीवर तूप कढवलं, आणि मेतकूट-भाताची सोय झाली. जर्मनीच्या औद्योगिक प्रगतीबद्दल पुष्कळ ऐकून होतो, पण त्या संध्याकाळी मामाच्या इमारतीत शेजारच्या दोन बायका वास कसला म्हणून दारात आल्या, तेव्हा आपलंही काही कमी नाही असं वाटलं.

गाडीत मुलाची खुर्ची. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाच्या खुर्चीत बांधल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. पहिल्या दिवशी चिरंजीवांनी पाठीची कमान करून जे आंदोलन केलं ते पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्याकडे बरं असतं बाई. मांडीवर घेऊन बसायचं." आपल्याकडेही तसं नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा खुर्ची नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. फरक एवढाच, की तिथे नियम मुलाला माहीत नाही, इथे बापाला. आणि "त्याच्या काय लक्षात राहणार?" म्हणणारी मंडळी नातवाला स्कूटरच्या पुढ्यात उभं करून भाजीला नेताना मी रोज पाहतो.

मग आला वेळापत्रकाचा प्रश्न. आमच्या साडूंनी काही वर्षांपूर्वी एका कंपनीबरोबर चौदा दिवसांत नऊ देश केले होते. 'केले' हा शब्द त्यांचा. त्यांनी आमच्यासाठी तासांची आखणी करून दिली. सात वाजता नाश्ता, पावणेआठला प्रयाण, साडेदहाला सरोवर, वीस मिनिटं. मी सहज विचारलं, की स्वित्झर्लंडमध्ये तुम्हाला काय आवडलं. ते विचारात पडले. "तो एक पूल होता बघा. लाकडी. का तो ऑस्ट्रियात होता?" साडूबाई म्हणाल्या, "अहो, तो प्रागला. आणि तुम्ही बसमध्ये झोपला होतात." तर मंडळी, हा पन्नाशीचा मनुष्य, पदवीधर, स्मरणशक्ती शाबूत, खर्च माणशी तीन लाखांच्या घरात. याच्या काय लक्षात राहिलं? पण याला जाताना कोणी विचारलं नव्हतं.

आम्ही रविवारी सकाळी म्युनिकहून निघालो. बोडन सरोवराच्या काठी लिंडाऊ नावाचं गाव आहे, तिथपर्यंत अंतर १८० किलोमीटर. रस्ता जर्मनीचा सुप्रसिद्ध आउटोबान. त्याच्या बऱ्याच भागावर वेगाला कायद्याची मर्यादा नाही, ताशी १३० ही नुसती शिफारस आहे. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, दोन तासांत पोचू." आम्हाला साडेपाच तास लागले. कारण पाऊण तासाने चिरंजीवांनी "शू" अशी घोषणा केली, आणि आम्ही रस्त्याकडेच्या एका थांब्यावर वळलो.

जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरच्या मालट्रकांना, काही अपवाद सोडले तर, रस्त्यावर यायला बंदी आहे. त्यामुळे रविवारी हे सगळे ट्रक असतील तिथल्या थांब्यावर उभे असतात. आम्ही वळलो आणि पाहतो तो एकाला एक लागून ट्रकच ट्रक. निळे, लाल, पिवळे, चाळीस तरी असतील. पोलंडचे, लिथुआनियाचे, रुमानियाचे. ड्रायव्हर मंडळी खुर्च्या टाकून बसलेली. कोणी दाढी करतंय, कोणी दोरीवर बनियन वाळत घालतंय, कोणी छोट्या शेगडीवर कांदा परततंय. चिरंजीव माझ्या कडेवर होते. त्यांनी तो देखावा पाहिला आणि श्वास रोखला. मग अत्यंत हळू आवाजात, देवळात बोलावं तसं म्हणाले, "टक."

पुढचे दोन तास आम्ही त्या थांब्यावर काढले. प्रत्येक ट्रकपाशी जायचं, चाकाला हात लावायचा, "झोपला?" विचारायचं, मी "हो, झोपला" म्हणायचं, मग पुढचा. कांदा परतणाऱ्या एका दांडग्या ड्रायव्हरने खुणेने विचारलं, मी मान डोलावली, आणि त्याने चिरंजीवांना उचलून स्टिअरिंगमागे बसवलं. त्याची भाषा आम्हाला येईना, आमची त्याला. त्याने खिशातून फोन काढून एका मुलाचा फोटो दाखवला आणि चार बोटं वर केली. त्याचा पोरगा, चार वर्षांचा. मग घराच्या दिशेने असावा असा हात लांबवर केला आणि शेगडीकडे वळून कांदा उगाचच ढवळला. रविवार होता. या माणसाला जाऊन कोणी सांगावं, की बाबा रे, तू आज घरी नाहीस, पण काळजी करू नकोस, एवढ्याशा पोराच्या ते काही लक्षात राहणार नाही! मी सांगितलं नाही. मला मार खायचा नव्हता.

साडूंच्या आखणीत त्या थांब्याला जागा नव्हती. तिकीट नाही, फलक नाही, पाहण्यासारखं म्हणून कुठल्या पुस्तकात नाव नाही. पण एखादा माणूस एखाद्या जागेवर इतका खूश झालेला मी त्याआधी एकदाच पाहिला आहे, आमचे हेडकॅशियर, बोनस जमा झाला त्या दिवशी.

यातून मला लहान मुलाबरोबर प्रवास करण्याचा एकमेव नियम सापडला, तो असा, की मुलाला परदेश नसतो. त्याला ट्रक असतो, खड्डा असतो, गाय असते. युरोपातल्या प्रवाहाच्या मानाने सर्वांत मोठ्या समजल्या जाणाऱ्या ऱ्हाइनच्या धबधब्यापाशी आम्ही उभे होतो. रुंदी १५० मीटर, उंची २३ मीटर, आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. चिरंजीव त्याच्याकडे पाठ करून गटाराच्या जाळीतून वाहणारं पाणी पाहत होते. ल्युसर्नला चौदाव्या शतकातला लाकडी पूल आहे. तोच साडूंचा पूल असावा अशी मला शंका आहे. १९९३ साली त्याचा बराच भाग जळाला आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधून झाला. चिरंजीवांना इतिहासात रस नव्हता, पण फळ्यांवर पाय आपटला की 'धड' असा आवाज येतो हे त्यांनी शोधून काढलं, आणि आम्ही तो पूल सात वेळा ओलांडला. मी त्या पुलावरच्या छताखालची चित्रं सातही वेळा पाहिली. साडू वीस मिनिटांत एकदा पाहून गेले असते.

लिख्टेनस्टाइनचं काय झालं तेही सांगतो. १६० चौरस किलोमीटरचा देश. ऑस्ट्रियाच्या फेल्डकिर्शकडून त्यात शिरलो तेव्हा चिरंजीवांचा डोळा लागला. झोपलेलं मूल असलेली गाडी थांबवायची नसते, हे ज्याला मूल आहे त्याला सांगावं लागत नाही आणि ज्याला नाही त्याला समजत नाही. फाडुट्स या राजधानीत पैसे देऊन पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून मिळतो, तो मेहुण्याला हवा होता. सौभाग्यवतींनी आरशातून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आम्ही राजधानी न थांबता पार केली, ऱ्हाइन ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये आलो आणि चिरंजीव जागे झाले. एक अख्खा देश त्यांनी झोपेत काढला. साडूंनी असे तीन काढले होते, पण त्यांना उचलून घ्यावं लागलं नाही, एवढाच फरक.

हिशेबी माणसाला त्रास होतील अशा जागा वाटेत होत्याच. स्वित्झर्लंडच्या मोटाररस्त्यांचा परवाना वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँक. तुम्ही तिथे वर्षभर हिंडा नाही तर दोन दिवस. दोन दिवसांसाठी साडेतीन हजारांहून जास्त रुपये मोजताना माझा हात जड झाला. जर्मनीत मोठ्या थांब्यांवर स्वच्छतागृहाच्या दारात यंत्र असतं. एक युरो टाका, आत जा, आणि तेवढ्याच रकमेची चिठ्ठी घ्या, जी तिथल्या दुकानात चालते. मुलांसाठी शेजारी वेगळं छोटं दार, फुकट. चिरंजीव त्या छोट्या दारातून आत जाऊन बाहेर येण्याचा खेळ खेळत, आणि त्यांना धरायला मला दर खेपेला एक युरो पडे. परतताना माझ्या पाकिटात नऊ चिठ्ठ्या होत्या. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाने वटवल्याशिवाय सोडलेली ती एकमेव कागदपत्रं.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मी नाकारणार नाही. पैसे नाहीत म्हणून जाऊ नका, हे कारण खरं आहे. मुलाला गाडी लागते, दमा आहे, आजी-आजोबांना सोडून जाता येत नाही, हीही खरी कारणं आहेत. मूल रडतं, वेळी-अवेळी जागं होतं, आपली झोप मोडते, नवरा-बायकोत मुलाच्या टोपीवरून भांडण होतं. हेही खरं. आणि ट्रक पाहायला जर्मनीला जायची गरज नाही, कळंबोलीला पुष्कळ उभे असतात, हे काकूंचं म्हणणं तर निरुत्तर करणारं आहे. मी कुठे म्हणतो युरोपलाच न्या? वाईला न्या, कळंबोलीला न्या, गणेशनगरच्या बागेत न्या. पण नेऊ नका, तर त्याचं कारण खिसा असू दे, दमा असू दे. स्मरणशक्ती असू देऊ नका.

कारण स्मरणाच्या बाबतीत लक्षातवाल्यांचंच बरोबर आहे, हे मी लेखी द्यायला तयार आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं आपल्यापैकी बहुतेकांना काही आठवत नाही. लहान मुलाला काही महिन्यांपूर्वीचं चांगलं आठवतं, पण मोठं होता होता ते पुसलं जातं. आमच्याकडेही तसंच झालं. पहिले चार-सहा महिने घरात सारखा 'झोपलेला टक' चालू होता. मग कमी झाला. परवा मी फोटो दाखवला तर चिरंजीव म्हणाले, "हा कोण काका?" पूल गेला, धबधबा गेला, ट्रकही गेले. सगळं विसरले. आणि तरीही मी माझं म्हणणं तसूभरही मागे घेत नाही.

का, ते माझ्या आईकडे पाहिलं की कळतं.

आई एकोणऐंशी वर्षांची आहे. चार-पाच वर्षं झाली, तिला विसरायला होतं. आधी चष्मा, मग गॅस, मग वार, मग माणसं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि फार आशा ठेवू नका असंही सांगितलं. सुरुवातीला नातेवाईक भेटायला येत. मग येईनासे झाले. एकदा लग्नात मी एका आप्तांना विचारलं, तर ते अगदी प्रेमाने म्हणाले, "यायचं असतं रे मनात. पण येऊन उपयोग काय? आम्ही गेल्यावर अर्ध्या तासाने तिच्या काय लक्षात राहणार?"

वाक्य तेच. फक्त 'त्याच्या'च्या जागी 'तिच्या'. चिरंजीवांच्या बाबतीत मी ते हसण्यावारी नेत होतो. त्या लग्नात मात्र पानावरून उठावंसं वाटलं. माणसाच्या आयुष्याची दोन टोकं अशी, की तिथे काही साठत नाही. एका टोकाला अजून साठायला लागलेलं नाही, दुसऱ्या टोकाला साठायचं थांबलं आहे. लक्षातवाल्यांचा नियम लावला तर या दोन्ही टोकांना कोणी जाऊच नये. मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत थांबा, आणि म्हातारी विसरायला लागली की येणं बंद करा. मधल्या काळात मात्र तुम्ही चौदा दिवसांत नऊ देश करा आणि बसमध्ये झोपा.

युरोपहून परतलो त्या संध्याकाळी चिरंजीव आजीच्या कॉटवर चढून बसले.

"आजी, टक. खूप टक."

"हो? कुठे रे बाळा?"

"तिकडे. झोपले."

"कोण झोपलं?"

"टक!"

आई खुदकन हसली. तिला तसं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. दहा मिनिटांनी तिने विचारलं, "काय रे, कुठे गेला होतास?" मी मधे पडून सांगणार होतो, की आई, आत्ताच सांगितलं ना त्याने. पण चिरंजीवांना तशी काही अडचण वाटली नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच उत्साहाने, "आजी, टक" अशी सुरुवात केली, आणि ती पुन्हा तितकीच हसली. जेवणाआधी हे पाच वेळा झालं. सांगणारा कंटाळला नाही, ऐकणारी कंटाळली नाही. मी तिसऱ्याच खेपेला कंटाळलो होतो, कारण माझ्या लक्षात होतं.

बँकेत दोन प्रकारची खाती असतात. मुदत ठेवीत पैसे ठेवायचे, विसरून जायचं आणि मुदत भरल्यावर व्याजासकट घ्यायचे. चालू खात्यावर व्याज मिळत नाही. पैसे येतात आणि जातात, संध्याकाळी शिल्लक कधी कधी शून्य. म्हणून चालू खातं निरुपयोगी आहे, असं आमच्या व्यवस्थापकांना कोणी सांगून बघावं! ज्याच्या खात्यात दिवसभर उलाढाल असते त्याला ते केबिनमध्ये बसवून चहा पाजतात. आजी आणि नातवाच्या त्या खात्यात रात्री साडेनऊला शिल्लक शून्य होती. उलाढाल मात्र अशी, की आमच्या शाखेने महिन्यात पाहिली नसेल.

येत्या डिसेंबरात आम्ही गाडी ठरवून वाईला जाणार आहोत. आईचं माहेर तिथलं. मागच्या सीटवर एका बाजूला चिरंजीव, त्यांच्या मापाच्या खुर्चीत बांधलेले, आणि शेजारी आई. घाटावर बसायचं, ढोल्या गणपतीला जायचं, वाटेत ट्रक दिसले तर थांबायचं, आणि आईने कुठे आलोय विचारलं की सांगायचं. पुन्हा विचारलं की पुन्हा सांगायचं.

काकूंनी परवा जिन्यात गाठलंच. "अरे, एवढा खर्च करून नेतोस खरा, पण त्या दोघांच्या काय लक्षात राहणार आहे?"

"काही नाही, काकू," मी म्हटलं. "म्हणून तर एक दिवस जास्त राहणार आहोत."